शुक्रवारी बंद

शहागड, ६ ऑगस्ट २००१

चि. कौसल्या,

हे कार्ड आहे, पाकीट नाही. अठरा वर्षांत तुला सात पाकिटं लिहिली आणि सातही 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन, न फोडता, शहागडला परत आली. कार्ड फोडावं लागत नाही. हातात पडलं की नजर जातेच, आणि तुझी नजर तर लहानपणी वाण्याच्या पुडीच्या कागदावरसुद्धा जायची. म्हणून आता कार्डच. एकात मावणार नाही, तेव्हा एकेक टाकत राहीन.

कार्ड सगळं गाव वाचतं हे मला कळतं. आपला पोस्टमन कचरू तर मजकूर आधी वाचतो आणि पत्ता नंतर. वाचू दे. लाज वाटायची तर मला वाटेल, तुला वाटायचं काही कारण नाही.

तुझं एकच पत्र माझ्याजवळ आहे, फेब्रुवारी ८३ चं. त्यात एकच ओळ: "दादा, यादी पण तूच दिलीस आणि माणसं पण तूच आणलीस." मला फक्त ह्या ओळीचं उत्तर द्यायचंय. ते वाचून तू पुन्हा तोंड फिरवलंस तरी चालेल. पण आधी वाच.

तुझा सर्जेरावदादा


शहागड, १३ ऑगस्ट

चि. कौसल्या,

कचरूनं काल शाळेच्या फाटकात अडवलं. "मास्तर, कोन्ती यादी वो?" म्हणजे पहिलं कार्ड बराबर वाचलं गेलं. त्याच्यासाठी लिहीत नाही, पण सांगायचं तर पहिल्यापासूनच सांगायला हवं.

डिसेंबर ८२. तू अंबडहून कॉलेज करून शेवटच्या एसटीनं आलीस. मी पोरांच्या वह्या तपासत होतो. तू म्हणालीस, "दादा, तू सहल घेऊन हैदराबादला गेल्तास ना? नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं तिथं काय काय बघावं रे?" मैत्रिणीला हवंय म्हणालीस. कोणत्या मैत्रिणीला, असं विचारलं तर म्हणालीस बेबीनंदाला. अगं, बेबीनंदाच्या लग्नात मी दोन वर्षांपूर्वी पंगतीत वाढलं होतं! तुला खोटं बोलता कधी आलंच नाही.

मला माहीत होतं. भिवा एसटीत खिडकीतून रुमाल टाकून तुझी जागा धरतो, हे अंबडच्या स्टँडावरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. आपण मराठ्यांची भावकी आणि भिवा बौद्ध घरातला. अण्णा हो म्हणणार नव्हते, आणि ते म्हणाले असते तरी भावकीनं होऊ दिलं नसतं. तरी मी वह्या बाजूला सारल्या आणि यादी लिहायला घेतली. आई गेल्यावर सहा वर्षं तुझी वेणी मी घातली होती. तुझं तोंड मला वाचता येत होतं. 'जा' एवढा शब्द मात्र माझ्या तोंडातून निघाला नाही. तेवढी हिंमत नव्हती.


शहागड, २० ऑगस्ट

चि. कौसल्या,

ती यादी तुझ्याकडे उरली नसेल. माझ्या डोक्यात जशीच्या तशी आहे.

पोरांच्या सहलीची यादी वेगळी आणि पळून आलेल्यांची वेगळी, एवढी अक्कल मला होती. पहिली गोष्ट, लॉजच्या खोलीत दिवसभर बसायचं नाही. बसलं की लॉजवाला चौकशी करतो. सकाळी अंघोळ करून, पिशवी घेऊन फिरायला निघालेलं जोडपं त्याला नव्या लग्नाचं वाटतं. बुधवारी उतरल्या उतरल्या चारमिनार, पण त्याच्याआधी शेजारच्या लाडबाजारात हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या, म्हणजे पुढे कुणी काही विचारत नाही. गुरुवारी प्राणिसंग्रहालय, कारण तिथे सगळे वाघाकडे बघतात, माणसांकडे कुणी बघत नाही. शुक्रवारी सालारजंग म्युझियम. तिथं घड्याळातून एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, ते बाराचे टोले चुकवायचे नाहीत. शनिवारी गोवळकोंडा. खालच्या दरवाजात टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते. पण टाळीसाठी एकानं खाली आणि एकानं वर असं करायचं नाही, दोघांनी सोबत राहायचं, टाळी दुसरं कुणीतरी वाजवतंच. रविवारी बिर्ला मंदिर, आणि मग हुसेनसागरच्या बांधावर दिवस मावळेपर्यंत बसायचं. रविवारी तिथं इतकी जोडपी असतात की पोलीस कुणाकुणाला हटकणार!

सोमवारचं मी काही लिहिलं नव्हतं. सोमवारी विहारात तुमचं लग्न ठरलंय, हे मला पुढे भिवाच्या बहिणीकडून, नंदाबाईकडून कळलं. तुझा पत्ताही तिनंच दिला. तिच्यावर रागावू नकोस.

त्या सागरात आता बुद्धाची मोठी मूर्ती उभी आहे म्हणतात. मी अजून पाहिलेली नाही. भिवा जाता-येता बघत असेल. जागा संपली.


शहागड, ३ सप्टेंबर

चि. कौसल्या,

मधे पंधरा दिवस गेले, कारण घटक चाचणीचे पेपर होते. कचरूला तेवढाही दम धरवेना. "यादीपस्तोर आलो, पुढं काय?" म्हणून तो दोनदा घरी येऊन गेला.

तुम्ही ११ जानेवारीला जालन्याच्या स्टेशनावर गाडीत बसलात ते काकासाहेबांच्या साडूनं पाहिलं. तुला आपले चुलते माहीतच आहेत. रात्र व्हायच्या आत काकासाहेब हातात काठी घेऊन ओसरीवर हजर. सोबत त्यांचा जावई रामकिसन. हैदराबाद पाहिलेला घरात मी एकटा. काकासाहेब म्हणाले, "मास्तर, तुला गाव म्हाईत हाये. तू पुढं व्हय." अण्णा खांबाला टेकून बसले होते. ते उठून चपला शोधू लागले, तेही सोबत येणार होते.

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. मग त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं असतं, आणि त्यानं एकेक लॉज धुंडाळून दोन दिवसांत तुम्हाला काढलं असतं. मी विचार केला, तुमचं वेळापत्रक मला पाठ आहे. कुठल्या दिवशी तुम्ही कुठे नसाल, हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे. म्हणून मी 'हो' म्हणालो. कौसे, ह्या कार्डावर दुसरं काही कळलं नाही तरी हे कळू दे.

त्या मीटरगेजच्या गाडीत रात्रभर मी डोळा मिटला नाही. काकासाहेब मात्र काठी उशाला घेऊन घोरत होते.


शहागड, १० सप्टेंबर

चि. कौसल्या,

गुरुवारी आम्ही पोचलो. तुम्ही त्या दिवशी वाघ बघत होतात, म्हणून मी सगळ्यांना चारमिनारला नेलं. "नवीन मानसं आधी हितंच येतात," असं छातीठोकपणे सांगितलं. खोटं नव्हतं, तुम्ही आदल्या दिवशी आलाच होतात.

वर चढताना शिपायानं काठी खाली ठेवून घेतली. काकासाहेब हात हलवत वर आले, चारी दिशांना बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "आबाबाबा! मास्तर, ह्या एवढ्या गावात पोरगी कुठं हुडकावी रे!" खाली उतरल्यावर म्हणाले, बांगड्यांच्या गल्लीत बघू, पोरी हमेशा बांगड्यांकडं जातात. मला घाम फुटला. पण गल्लीत शिरल्यावर ते तुला विसरले. दुर्गाकाकूचं माप आठवत नव्हतं, तर आपली बोटं जुळवून दुकानदाराला हात दाखवू लागले. दुकानदार म्हणाला, "बडे मियाँ, ये तो आपका हाथ है." दीड तास आम्ही तिथे होतो. ज्यांना तुमचे पाय मोडायचे होते ते काका बायकोसाठी लाखेच्या बांगड्या निवडत होते, आणि अण्णा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींच्या तोंडाकडे बघत होते. मला हसू आवरत नव्हतं, आणि अण्णांकडे बघितलं की रडू येत होतं.

इकडे एक नवीनच भानगड झाली आहे. परवा अंतरवाली सराटीचा एक पोरगा मोटारसायकलवरून शाळेत आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, ती हैदराबादची यादी मिळंल का?" मित्राला हवीय म्हणे! त्याला बसवून चहा पाजला आणि यादी दिली. पण ह्या वेळी दुरुस्त करून दिली. काय दुरुस्त केलं ते पुढच्या कार्डावर.


शहागड, १७ सप्टेंबर

चि. कौसल्या,

हे कार्ड लिहायला मला अठरा वर्षं लागली.

शुक्रवार, १४ जानेवारी, संक्रांत. यादीप्रमाणे तुम्ही सालारजंगमध्ये असणार होतात. म्हणून मी आमच्या लोकांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गोवळकोंड्याला घेऊन गेलो. हिशोब अगदी चोख होता. पण सालारजंग शुक्रवारी बंद असतं. मी जन्मभर शाळेत राहिलेला माणूस. सुट्टी म्हटली की रविवार, ह्यापलीकडे माझं डोकं जात नाही. आमची सहल तिथं मंगळवारी गेली होती. बंद कधी असतं हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. तुम्ही दारावरून परत फिरलात आणि शनिवारचं गोवळकोंडा शुक्रवारी उरकायला आलात. त्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच म्युझियमच्या दारात जाऊन ती पाटी वाचली. 'शुक्रवारी बंद.' ते दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचत उभा राहिलो होतो.

आम्ही पायऱ्या चढत होतो. आभाळ पतंगांनी भरलं होतं. वरून हिरव्या साडीत तू उतरत होतीस. माझ्या मागे काकासाहेब आणि रामकिसन. तुझी माझी नजरानजर झाली. मी हात हलवला तो 'मागे फिर' म्हणून. तुला वाटलं, मी बोलावतोय. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलो नाही. परक्या माणसाकडे बघावं तसं तू माझ्याकडे बघितलंस.

तेवढ्यात अण्णांचा गुडघा धरला. मधल्याच पायरीवर मटकन बसले आणि "पानी, पानी" करू लागले. काकासाहेब आणि रामकिसननं त्यांना दोन्हीकडून धरून खाली नेलं. त्या गुडघ्यानं तुम्हाला वाचवलं. तुम्ही सोमवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी लग्न लावलंत, तेही नंदाबाईनंच सांगितलं.

हे माझं उत्तर. यादी मी दिली. माणसंही मीच आणली. पण तुमच्यापासून लांब ठेवायला आणली होती.


शहागड, २४ सप्टेंबर

चि. कौसल्या,

मागचं कार्ड गावानं चवीनं वाचलं. परवा पाढे चालू असताना काकासाहेब वर्गाच्या दारात. वय पंच्याहत्तर, पण आवाज तोच. "मला माकडावानी फिरवलंस व्हय रे मास्तर? मी समजून राह्यलो की आपून पोरगी हुडकून राह्यलो, अन् तू मला सहल घडवून राह्यला व्हता?" पोरं तोंडावर वह्या धरून हसत होती. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, काका, चुकलं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, बरेच शब्द वापरले जे कार्डावर येणार नाहीत, आणि जाताना दारातून वळून म्हणाले, "दुर्गाच्या हातात त्या बांगड्या मरस्तोर व्हत्या." काकू मागच्या वर्षी गेल्या, ते तुला कळलं असेल.

गोष्ट अण्णांच्याही कानावर गेली. त्यांनी मला बोलावलं. ते जे बोलले ते मी कार्डावर लिहिणार नाही. माझी लाज मी चव्हाट्यावर मांडली, तो माझा हक्क होता. अण्णांचं मांडायचा नाही. आणि पाकिटात लिहिलं तर तू फोडणार नाहीस. तेव्हा ते माझ्यापाशीच राहील.

मला सांगायचं होतं ते सांगून झालं. आता कार्ड येणार नाही.


शहागड, १२ ऑक्टोबर २००१

चि. सौ. कौसल्या,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. कचरूनं ते दुसऱ्या टपालात न मिसळता हातात धरून आणलं, थेट वर्गात, आणि देऊन तिथंच उभा राहिला. त्याचं वाचून झालंच होतं, पण माझं तोंड बघायचं होतं त्याला.

"दादा, आमच्या क्वार्टरात निम्मी बिऱ्हाडं नांदेड-परभणीकडची आहेत. तुझी कार्डं माझ्या आधी तीन घरं वाचतात आणि मग मला येऊन विचारतात, पुढं काय झालं. इथून पुढे पाकिटात लिहीत जा. कौसल्या."

एवढंच. मी पोरांना कविता पाठ करायला सांगितली आणि शाळेमागे जाऊन रडलो. एकावन्न वर्षांचा घोडा. कचरू मागून आला आणि म्हणाला, "आता पाकिटं व्हय? मंग आमाला काय कळनार!" आणि रुसल्यासारखा सायकल घेऊन गेला.

आता अण्णांचं सांगतो.

त्या दिवशी ते बाजेवर बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "सर्जा, माझा गुडघा कुठं धरला व्हता रे."

मला काही उमजेना.

"म्या तुझ्या आधी पाह्यलं तिला," ते म्हणाले. "तू खाली मान घालून चढून राह्यला व्हता. ती वरच्या वळनावर व्हती. त्या पोरानं कटलेला पतंग धराया उडी मारली, पतंग न्हाई घावला अन् पायातली चप्पल खाली गडगडत गेली. त्याला हसून राह्यली व्हती ती. पोट धरून. आपल्या घरात तिला असं हसताना म्या कधी पाह्यलं न्हाई. मंग म्हन्लं, हिला आता घरी नेऊन काय करायचं. तेवढ्यात काकासाहेब वर बघाय लागला. म्हनून बसलो खाली."

कौसे, मी आजवर अण्णांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हणालो, मग अठरा वर्षं काय केलंत? तिचं नाव घरात घेऊ दिलं नाहीत. माझी पाकिटं परत यायची, ती तुमच्या समोर पेटीत ठेवत होतो, तेव्हा तरी बोलायचं! ती मला वैरी समजत राहिली, आणि मी तिला दिसायच्या आधीच तुम्ही तिला सोडून दिलं होतंत, हे माहीत असतं तर मी स्वतः जाऊन सांगितलं असतं. खूप बोललो. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मी दमून थांबल्यावर म्हणाले, "बराबर हाये तुझं. भावकीला भ्यालो. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता तोंडच राह्यलं न्हाई." आणि मग लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडताना आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्यांच्या वतीनं मी तुझ्याकडे माफी मागत नाही. तू द्यावीस असंही म्हणत नाही. तुला दोन लेकरं झाली, मोठी दहावीला आहे, हे सगळं आम्हाला परक्याकडून कळावं ही शिक्षा आम्ही कमावलेलीच आहे.

पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला घरचं माणूस जातं. आपल्या गल्लीतून दरवर्षी कुणाचा ना कुणाचा मुऱ्हाळी पिशवी घेऊन स्टँडाकडे निघतो, आणि अण्णा ओसरीवरून बघत बसतात. काल रात्री जेवताना एकदम म्हणाले, "पोरीला एकदाबी मुऱ्हाळी गेला न्हाई." मी म्हणालो, मी जातो ना यंदा. तर म्हणाले, "तू न्हाई. म्याच जातो." वय अठ्ठ्याहत्तर, काठीशिवाय उठवत नाही, आणि हैदराबादला निघालेत! भिवालाही बोलवायचंय, जावयासारखं, पुढच्या दारानं. भावकीनं जेवायला यायचं तर यावं, नाही आली तर तिचं तिच्यापाशी, असं काकासाहेबांना त्यांनी आज सकाळी तोंडावर सांगितलं. काकासाहेब जायला उठले. फक्त म्हणाले, "गाडीत खालची शीट घ्या."

मी तिकिटाला जालन्याला निघालो, तर अण्णांनी थांबवलं. "आधी तिला इचार."

मी म्हणालो, अण्णा, बाप लेकीकडे जाताना कधी विचारून जातो का?

"आपून इचारायचं," ते म्हणाले. "हक्क कुठं राह्यलाय आता."

आत्ता ते माझ्यासमोर बसलेत. लिहिता येत नाही, पण अक्षर ओळखता येतं त्यांना, आणि मी त्यांचंच वाक्य लिहितोय की नाही ते चष्मा पुसून पुसून बघतायत. म्हणून जसं म्हणाले तसंच लिहितो.

कौसल्या, म्या येऊ का?